मातीची पावले

श्रावणी अमावास्या जवळ आली की जालना शहरात, तसेच अंबड, परतूर, भोकरदनच्या बाजारांत मातीचे बैल दिसू लागतात. कुणी पांढरे, कुणी तांबूस, शिंगांना बेगड, पाठीवर रंगीत झूल. ज्यांच्या दारात खरे बैल उरलेले नाहीत, अशा घरांत पोळ्याच्या दिवशी हीच जोडी पाटावर मांडून तिची पूजा होते. पूजा आटोपल्यावर ती जोडी मुलांच्या हाती जाते. मुले तिला फरशीवर ढकलत नेतात, तोंडाने घुंगरांचा आवाज काढतात आणि एखादे शिंग मोडेपर्यंत हा खेळ चालतो.

या भूमीला मातीच्या आकारांची ओळख फार जुनी आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात सातवाहन काळातील भाजक्या मातीच्या वस्तू मिळाल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांनीही आपली मातीची खेळणी अशीच ढकलली असतील. मातीचे जनावर स्वतःहून पाऊल उचलीत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार.

मात्र गेल्या शतकात एक कला अशी विकसित झाली की, तिच्यात मातीचे जनावर खरोखर चालते, मान वळविते, डोळे मिचकाविते. या कलेला ‘स्टॉप-मोशन’ म्हणतात आणि माध्यम माती असेल तर ‘क्ले ॲनिमेशन’. महाराष्ट्रात या कलेला वाहून घेणारे कलावंत मोजकेच. मुंबईचे सुरेश एरियात हे त्यांतील ठळक नाव. त्यांची कारकीर्द पाहिली म्हणजे या कलेत लागणारे खरे भांडवल कोणते, आणि ते कोठून उभे करावे लागते, याचा उलगडा होतो.

एका सेकंदाचा हिशोब

या कलेचे तत्त्व साधे आहे. चित्रपटात प्रत्येक सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांसमोरून सरकतात आणि आपल्याला हालचालीचा भास होतो. नेहमीच्या चित्रपटात समोर घडणारी हालचाल कॅमेरा टिपून घेतो. स्टॉप-मोशनमध्ये समोर काहीच हलत नसते. मातीची बाहुली एका स्थितीत ठेवायची, तिचे छायाचित्र घ्यायचे, मग तिचा हात केसभर पुढे सरकवायचा आणि पुन्हा छायाचित्र घ्यायचे. अशी हजारो चित्रे सलग दाखविली की बाहुली हात उंचावताना दिसते.

व्यवहारात बहुधा प्रत्येक स्थितीची दोन चित्रे घेतात. म्हणजे एका सेकंदाला बारा स्थिती, एका मिनिटाला ७२० आणि पंधरा मिनिटांच्या चित्रपटाला १०,८००. एका कलावंताने दिवसभरात पाच सेकंदांचे काम पुरे केले असे धरले, तरी पंधरा मिनिटांसाठी १८० दिवस लागतील. त्यात कथा रचणे, बाहुल्या घडविणे, छोटी घरे नि रस्ते उभारणे, ध्वनी देणे, चुकलेले प्रसंग पुन्हा चित्रित करणे, यांपैकी कशाचाही समावेश नाही. दृश्यात पात्रे दोन असतील तर दर वेळी दोघांनाही सरकवावे लागते.

कुंभाराची माती या कामी येत नाही. ती वाळते, तडकते. तेलमिश्रित माती लागते, कारण ती महिनोन्महिने मऊ राहते. इंग्लंडमधील बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये ‘प्लॅस्टिसिन’ नावाची अशी माती तयार केली, ती विद्यार्थ्यांना शिल्पकलेसाठी ओली राहणारी माती मिळावी म्हणून. पुढे चित्रपटवाल्यांनी तिचा उपयोग ओळखला. बाहुलीच्या आत तारेचा सांगाडा असतो. तो नसेल तर एका पायावर उभी असलेली आकृती स्वतःच्याच भाराने वाकते. दिव्यांच्या उष्णतेने माती सैल पडते, बोटांचे ठसे उमटतात, पांढऱ्या मातीवर धुळीचा कण बसतो. मधल्या एका चित्रात कुणाचा धक्का टेबलाला लागला तर तो प्रसंग पहिल्यापासून घ्यावा लागतो. या कामात खाडाखोड करता येत नाही. खातेवहीत चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून सही करता येते. येथे तेवढीही सवलत नाही.

वाटाण्याचे तारण

महाराष्ट्रात या तंत्राची सुरुवात मातीच्या बाहुलीने झाली नाही. ती झाली वाटाण्याच्या एका दाण्याने, आणि तीही कर्ज मिळविण्याच्या गरजेतून.

त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण या तिन्ही कलांत मुरलेले होते. ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून चित्रपट काढण्याच्या ध्यासाने त्यांना पछाडले. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याच्या नादात त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला आणि उपचार घ्यावे लागले. पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले.

यंत्र आले, पण चित्रपट उभारण्यास पैसा नव्हता. हलणारी चित्रे दाखवून व्यवसाय करता येतो, यावर सावकाराचा विश्वास कसा बसावा? त्या काळी अशा व्यवसायाला ना ताळेबंद, ना पूर्वानुभव. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसविला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपीत राहिले. बी फुगले, अंकुर फुटला, कोंब वर आला, वेल झाला. महिन्याभराहून अधिक काळ चाललेली ही वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट त्यांनी निवडक मंडळींना दाखविला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी तो पाहून कर्ज देऊ केले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

आजच्या भाषेत बोलायचे तर वाटाण्याची ती वेल हा भारतीय चित्रपटसृष्टीचा पहिला प्रकल्प अहवाल होता. जालन्याच्या वाचकाला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. पेरणी आणि उत्पन्न यांच्यामध्ये जो काळ जातो, तो कुणीतरी निभावून न्यावा लागतो, हे या गावाला चांगले ठाऊक आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लघुपट केला. त्यात काड्यापेटीतील काड्या आपोआप सरकून निरनिराळे आकार धारण करतात. एकेक काडी हाताने सरकवून एकेक चौकट टिपण्याचीच ही रीत. एका अर्थी महाराष्ट्रातील स्वतंत्र स्टॉप-मोशनकार म्हणूनही पहिले नाव दादासाहेबांचेच घ्यावे लागते.

जाहिरातीचा आधार

दादासाहेबांनंतर ही वाट दीर्घकाळ जवळजवळ ओस राहिली. प्रेक्षक कथापटांकडे वळले आणि मिनिटभराच्या चित्रणासाठी महिनाभर थांबण्यास निर्माते तयार नव्हते. १९५० च्या दशकात फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेचे अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांनी तेथे राम मोहन यांच्यासारख्या तरुणांना घडविले. मात्र तेथील मुख्य काम रेखाचित्रांचे होते.

मातीचे दिवस आले ते नव्वदच्या दशकात. उदारीकरणानंतर उपग्रह वाहिन्या आल्या. संगीत वाहिन्यांना दोन कार्यक्रमांमध्ये दाखविण्यासाठी पाच-दहा सेकंदांच्या चटकदार चित्रफिती हव्या होत्या आणि जाहिरातदारांना गर्दीतून उठून दिसायचे होते. इतक्या छोट्या कामासाठी मातीच्या बाहुलीचा खर्च आणि वेळ परवडू लागला.

मूळचे केरळचे आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेले सुरेश एरियात याच सुमारास मुंबईत स्थिरावले. महालक्ष्मी येथील जुन्याजाणत्या फेमस स्टुडिओच्या छत्राखाली १९९८ मध्ये त्यांनी ‘फेमस हाउस ऑफ ॲनिमेशन’ हा विभाग उभा केला. ‘अमरॉन’ बॅटरीच्या जाहिरातींतील मातीची पात्रे आणि आयुर्विम्याच्या जाहिरातीत करबचतीच्या चिंतेने ग्रासलेला ‘चिंतामणी’ अनेकांना आजही आठवत असेल. त्याच संस्थेत काम केलेले वैभव कुमारेश यांचा ‘चॅनल व्ही’वरील सिम्पू तरुणांमध्ये लोकप्रिय झाला. कुमारेश यांनी २००३ मध्ये आपला स्वतंत्र स्टुडिओ काढला.

जाहिरात हे अन्नदाते काम. त्यातून कारागिरांचा पगार भागतो, जागेचे भाडे निघते, हात तयार होतो. पण तेथे गोष्ट ग्राहकाची असते आणि मुदतही त्याचीच. तीस सेकंदांत वस्तू विकली गेली की बाहुलीचे काम संपते. स्वतःची कथा सांगू पाहणाऱ्या कलावंतास येथे निर्णय घ्यावा लागतो. एरियात यांनी तो २००९ मध्ये घेतला. त्यांनी पत्नी नीलिमा यांच्यासह ‘स्टुडिओ ईकसॉरस’ ही स्वतःची संस्था मुंबईत सुरू केली.

एक टोपली आणि आठ वर्षे

एरियात यांच्या मनात एक प्रसंग घर करून होता. मुंबईच्या एका सिग्नलवर त्यांची गाडी थांबली असता टोपल्या विकणारी एक मुलगी काचेजवळ आली. शहरात राहणारा कोणीही करतो तेच त्यांनी केले. तिला नकार दिला. दिवा हिरवा झाला, गाडी पुढे गेली. प्रश्न मात्र मागे राहिला. ती मुलगी कोण असेल? टोपली विकली जाणे तिला त्या दिवशी इतके गरजेचे का असेल?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘टोकरी’ हा मातीच्या बाहुल्यांचा लघुपट जन्मास आला. टोकरी म्हणजे टोपली. गरीब घरातील एका लहान मुलीच्या हातून वडिलांनी जिवापाड जपलेले घड्याळ बिघडते. झालेली चूक भरून काढण्यासाठी ती टोपल्या घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उभी राहते. गाड्या येतात, थांबतात, काचा वर सरकतात. जो प्रसंग एरियात यांनी गाडीच्या आतून पाहिला होता, तोच त्यांनी प्रेक्षकाला रस्त्याच्या बाजूने दाखविला.

या पंधरा मिनिटांच्या आसपासच्या चित्रपटास सुमारे आठ वर्षे लागली. कारण उघड होते. अशा लघुपटाला तिकीटबारी नसते. चित्रपटगृहात तो लागत नाही, वाहिन्या तो क्वचितच घेतात आणि महोत्सवांतील सन्मानाने पगार भागत नाहीत. जाहिरातींचे काम करायचे आणि त्यातून उरलेला वेळ व पैसा ‘टोकरी’कडे वळवायचा, असा हा क्रम होता. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर खेळते भांडवल जाहिरातींचे आणि दीर्घ मुदतीची गुंतवणूक स्वतःची. या गुंतवणुकीची परतफेड केव्हा होईल, हे सांगणारे कोष्टक कोणाजवळही नव्हते.

एवढ्या दीर्घ काळात आणखी एक अडचण येते. पहिल्या वर्षी बसविलेले दृश्य आणि पाचव्या वर्षी बसविलेले दृश्य पडद्यावर एकापाठोपाठ येऊ शकतात. त्यांतील प्रकाश जुळला पाहिजे, मातीचा रंग जुळला पाहिजे, मुलीच्या चेहऱ्यावरचा भाव जुळला पाहिजे. काम मध्येच थांबवून पुन्हा हाती घेताना कलावंताला आपली जुनी नजर परत मिळवावी लागते. ही साधना एकट्याचीही नसते. मूर्तिकार, प्रकाशयोजनाकार, चित्रणकार आणि बाहुलीला इंचाइंचाने पुढे नेणारे हात, या सर्वांनी धीर धरावा लागतो.

२०१७ मध्ये ‘टोकरी’ रसिकांसमोर आला. देशोदेशींच्या महोत्सवांत तो गौरविला गेला आणि ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा सन्मान त्याला विभागून मिळाला. त्याआधी ६३व्या पुरस्कारांत एरियात यांच्याच ‘फिशरवुमन अँड टुक टुक’ला हा मान लाभला होता. मच्छी विकणाऱ्या स्त्रीची ती कथा संगणकाच्या साहाय्याने साकारलेली आहे. गोष्टीस जे माध्यम मानवेल ते घ्यावे, ही दिग्दर्शकाची दृष्टी यातून दिसते. टोपलीवालीसाठी त्यांनी माती निवडली. मातीवर बोटांच्या खुणा राहतात, तिचा चेहरा किंचित ओबडधोबड असतो आणि त्या ओबडधोबडपणामुळेच ती मुलगी जवळची वाटते.

पोळ्याची अमावास्या बहुधा पर्युषणाच्या दिवसांत येते. झालेल्या चुकीची क्षमा मागण्याचा विचार त्या दिवसांत आपल्या घरोघरी असतो. ‘टोकरी’तील मुलगी शब्दांनी क्षमा मागून थांबत नाही, बिघडलेली वस्तू दुरुस्त व्हावी म्हणून ती कष्ट करते. आणि सिग्नलवरच्या एका नकारासाठी कलावंताने आठ वर्षे दिली, हेही प्रायश्चित्तच नव्हे काय?

धीराला मोल देणारे

इतका काळ लागणे हा केवळ आपल्याकडील अनुभव नाही. इंग्लंडच्या निक पार्क यांनी ‘अ ग्रँड डे आउट’ हा चित्रपट १९८२ मध्ये विद्यार्थिदशेत सुरू केला आणि तो १९८९ मध्ये पुरा झाला. जेमतेम तेवीस मिनिटांसाठी सात वर्षे! फरक पुढचा आहे. मध्येच ब्रिस्टल येथील आर्डमन या संस्थेने त्यांना सामावून घेतले, उपजीविकेचे काम दिले आणि स्वतःचा चित्रपट पुरा करण्यास हातभारही लावला. त्या चित्रपटातील वॉलेस आणि ग्रोमिट ही मातीची जोडी पुढे जगप्रसिद्ध झाली आणि पार्क यांना ऑस्कर पुरस्कार अनेकदा मिळाला. संस्थेने धीर धरला, त्याचे फळ संस्थेलाही मिळाले.

त्याच आर्डमनच्या ‘शॉन द शीप’ या मालिकेवर काम केलेले धीमंत व्यास हे आपल्या देशाचे कलावंत. ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या हिंदी चित्रपटाची क्ले ॲनिमेशनमधील नामावली त्यांनीच साकारली. तो चित्रपट पाहिलेल्या लाखो प्रेक्षकांनी नकळत या कलेचा आस्वाद घेतला आहे. देशात कौशल्य आहे, प्रेक्षकही आहे. तोकडा पडतो तो मधला काळ निभावून नेणारा आधार. नाडकर्णी आणि देवहरे यांनी फाळक्यांना तो दिला. तारण म्हणून त्यांच्यासमोर होती वाटाण्याची वेल आणि एका माणसाची चिकाटी.

एखाद्या घरातील मुलाने किंवा मुलीने हे क्षेत्र निवडायचे म्हटले तर आईवडिलांच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढे चित्र स्पष्ट ठेवणे बरे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था किंवा आयआयटी मुंबईचे औद्योगिक डिझाइन केंद्र येथे ॲनिमेशनचे शिक्षण मिळते. प्रवेश परीक्षा कठीण असते. शिक्षणानंतर उत्पन्न मिळते ते मुख्यतः जाहिराती, मालिका आणि खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांतून. स्वतःचा चित्रपट त्यातून बचत करूनच करावा लागतो. एरियात यांच्या कारकिर्दीचा धडा हाच आहे. त्यांनी जाहिरातीला कमी लेखले नाही आणि ‘टोकरी’ला तिच्यात बुडूही दिले नाही.

मुलाचा कल पारखण्यासाठी मोठ्या खर्चाची मात्र गरज नाही. घरातील मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून घट्ट बसवावा. खिडकीतील ऊन सरकत राहते, म्हणून खिडकी बंद करून एकच दिवा लावावा. चित्रे ओळीने जोडणारी ॲप्स विनामूल्य मिळतात. पाच सेकंदांसाठी साठ चित्रे पुरेत. पहिल्या वीस चित्रांत उत्साह टिकतो, चाळिसाव्यापर्यंत पाठ दुखू लागते आणि पन्नासाव्या चित्रात हमखास कुणाचा तरी धक्का लागतो. त्यानंतर मूल पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरुवात करते की नाही, एवढेच आईवडिलांनी पाहावे.

पोळा झाल्यावर मातीचे बैल कोनाड्यात जातात किंवा पाण्यात विसर्जित होतात. यंदा एखादी जोडी आणखी एक दिवस पाटावर राहू द्यावी. भाजलेल्या मातीचे पाय वळणार नाहीत. पण बैल गव्हाच्या दाण्याइतका पुढे सरकेल. एक चित्र घ्यावे. मग आणखी एका दाण्याइतका.